शिदोरीत हात कुणाचा?

१

"मॅडम, शिदोरीत कुणीतरी हात घातलाय," करिष्मा म्हणाली, आणि फळा पुसता पुसता यशोधरा थांबली.

शिरूर कासारच्या पेठेत, खताच्या दुकानावरच्या माडीत हा कॉम्प्युटरचा क्लास. सकाळची बॅच बसली होती आणि सगळ्यांचे चेहरे उतरलेले. कालपर्यंत जी बटणं दाबली की काम व्हायचं, ती आज दाबली तरी एडिटर ढिम्म हलत नव्हता. त्यात दोन दिवसांवर पुण्याच्या एका कंपनीची परीक्षा येऊन ठेपलेली.

ही शिदोरी खायची नव्हे, ते आधी सांगून टाकतो. प्रोग्रॅम लिहिणारी माणसं ज्यात लिहितात तो एडिटर मुळात अगदी कोरा असतो. रंग, शॉर्टकट, चूक झाली की तांबडी रेघ, हे सगळं ज्याचं त्यानं बसवून घ्यायचं. ते बसवता बसवताच नवशिक्याचा जीव मेटाकुटीला येतो आणि प्रोग्रॅम राहतो बाजूला. यशोधराचा नवरा सौरभ यानं ही सगळी मांडणी एकदाच नीट करून इंटरनेटवर फुकट ठेवली होती. उतरवून घ्या अन् कामाला लागा. आईबाप ऊसतोडीला निघताना भाकरी बांधून घ्यायचे, त्यावरून त्यानं नाव ठेवलं शिदोरी. मूळ प्रतीत काही बदललं की ते सगळ्यांच्या मशीनवर आपोआप उतरायचं. शिरूरच्याच काय, कुठल्या कुठल्या गावची पोरं ती वापरत होती.

आणि सौरभ? सौरभ तीन वर्षांपूर्वी घरातून निघून गेला तो गेलाच. फोन बंद, पत्ता नाही. पोलिसात हरवल्याची नोंद करून झाली, नातेवाईक पालथे घालून झाले. पण अधूनमधून, कधी दोन महिन्यांनी, कधी चार, शिदोरीत एखादा छोटासा बदल यायचा आणि त्यावर नाव असायचं सौरभचं. एवढ्याच एका गोष्टीवर यशोधरा तगून होती. नवरा कुठंतरी आहे, बसतोय, लिहितोय, म्हणजे जिवंत आहे. माहेरच्यांनी "आता दुसरं बघ" म्हटलं की ती लॅपटॉप उघडून तो बदल दाखवायची आणि माणसं गप्प बसायची.

आताही तिनं मूळ प्रत उघडली. काल दुपारी बदल झाला होता. नाव सौरभचंच. तिला इतका आनंद झाला की पोरं खोळंबलीत हेसुद्धा ती विसरली.

तेवढ्यात जिन्यावर चपला वाजल्या. क्लासचे मालक मोहनराव वर आले. गावात वजन असलेला माणूस, आवाज चढवायची गरज त्यांना सहसा पडत नसे.

"मॅडम, ही तुमच्या मालकाची करणी हाय म्हणता?" त्यांनी पडद्याकडं बघितलं. "जो माणूस आईला फोन करीना, तो हितं येऊन बटणं बदलतोय व्हय? कुणीतरी त्याच्या नावानं शिरलंय. ते कोण, हे परीक्षेआधी कळलं पायजे. न्हाईतर शिदोरी काढून टाकू अन् इकतची आणू."

मोहनराव निघून गेले. यशोधराला राग आला, पण रागाखाली भीती जास्त होती. हा प्रश्न तीन वर्षांत तिनं स्वतःला एकदाही विचारला नव्हता.

२

यशोधराचा फोन गेला आणि वनिताआत्या तलवाड्याहून दुपारच्या एसटीनं आल्या. सौरभच्या वडलांची ही बहीण. आयुष्य पोलिसात हवालदारकीत गेलेलं, आता रिटायर झाल्या होत्या, पण समोरच्याच्या हाताकडं बघत बोलायची सवय काही गेली नव्हती.

"मला ते मशीन काय कळत न्हाई," पिशवी टेकवता टेकवता त्या म्हणाल्या. "किल्ली कुणाकुणाकडं हाय तेवढं सांग."

"खातं सौरभचं. पासवर्ड त्यांच्या डोक्यात," यशोधरा म्हणाली. "दुसरी वाट त्यांच्या लॅपटॉपवरून. तो त्यांनी जाताना घरीच टाकला. आईंच्या पेटीत हाय."

"मंग आधी पेटी."

दगडाबाई, सौरभची आई, उंबऱ्यापाशी बसून शेंगा फोडत होती. नणंदेनं पेटीचं नाव काढताच तिचे हात थांबले.

"कावून इचारता? त्या मोहनरावानंबी इचारलं व्हतं. म्हणला, पोरांना कामाला यील, द्या. म्या न्हाई दिला."

वनिताआत्यांनी यशोधराकडं नुसतं बघितलं. मोहनराव लॅपटॉप मागायला येऊन गेले, हे घरात कुणाला ठाऊक नव्हतं. शिदोरीचं खातं हाती आलं असतं तर त्यांना ती स्वतःच्या नावावर विकता आली असती, हे यशोधराच्या लगेच डोक्यात आलं.

पेटी उघडली. वरती नऊवारी, खाली सासऱ्यांचं, शहादेवांचं, धोतर, त्याखाली टॉवेलात गुंडाळलेला लॅपटॉप. बॅटरी फुगून त्याचं झाकण उचकटलं होतं. बटण दाबून उपयोगच नव्हता, आणि टॉवेलाच्या घडीवर धूळ जशीच्या तशी बसलेली. मोहनराव संशयातून सुटले.

"त्याला बाहीर काढू नगा," दगडाबाई म्हणाली. मग कुणी विचारलं नसताना बोलत राहिली. शहादेव उसाच्या फडातच गेला, मोळी डोक्यावर घेताना. पुण्यात मशीनपुढं बसलेल्या सौरभनं फोन मुका करून ठेवलेला. तो पोचला तेव्हा माती होऊन गेली होती. "समद्या लोकापुढं म्या म्हणले, जा, त्या मशीनीपुढंच बस जलमभर. त्यानं मशीन ठिवलं हितं अन् गेला. मंग आता कशाला करल तो त्यातलं काम?"

यशोधरानं सासूचा हात धरला. तिला सांगावंसं वाटलं की तो करतोय, आई, मी रोज बघते. पण आज पहिल्यांदाच ते वाक्य तिच्या तोंडातून निघेना.

३

संध्याकाळी अंगणात बाजेवर दोघी बसल्या. यशोधराच्या मांडीवर तिचा लॅपटॉप.

"काय काय गेलं?" आत्यांनी विचारलं.

"शोधायचं बटण गेलं, चूक दुरुस्त करायचं गेलं, फाईल बदलायचं गेलं..."

"ऱ्हाऊ दे. गेलेलं नगं सांगू. ऱ्हायलं काय ते सांग."

यशोधरा एकेक करून तपासायला लागली आणि तपासता तपासता तिच्या कपाळावर आठी चढली. काहीच गेलेलं नव्हतं. शोधणं होतं, दुरुस्ती होती, सगळं जागच्या जागी होतं. फक्त वाट बदलली होती. जी कामं कालपर्यंत कंट्रोलचं बटण धरून व्हायची, ती सगळी आता स्पेसबार दाबून होत होती. आधी स्पेसबार, मग अक्षर. पोरांना ही नवी वाट ठाऊक नव्हती, एवढंच.

"मोडणारा माणूस असं नीटनेटकं लावून ठेवतोय का?" आत्या म्हणाल्या. "फौजदारीत मी लई चोर बगितले. घर झाडून जाणारा एकबी न्हाई बगितला. हे कंट्रोल कुठं असतं, दाव."

"ह्या कोपऱ्यात. डाव्या हाताच्या करंगळीनं..."

यशोधरा तिथंच थांबली. तिची स्वतःची करंगळी त्या बटणावर होती.

सौरभला डावी करंगळी नव्हती. लहानपणी फडात, बापाला हातभार लावायचा म्हणून त्यानं कोयता धरला होता. उसाची कांडी डाव्या हातात, कोयता उजव्यात, आणि पहिल्याच घावात ते बोट गेलं. पुढं इंजिनीअर झाला तेव्हा तयार मिळणाऱ्या सगळ्या एडिटरांवर तो चिडायचा. जगातल्या शहाण्यांनी सगळी कामं त्या कोपऱ्यातल्या बटणावर लावून ठेवलीत, म्हणायचा, आणि दुसऱ्या बोटानं दाबायला गेलं की मनगट पिरगाळतं. शिदोरी जन्माला आली ती ह्या चिडचिडीतून. तिच्यातलं प्रत्येक काम अंगठ्यानं, स्पेसबारवरून. लग्नानंतर त्यानं पहिल्यांदा शिदोरी दाखवली तेव्हा हेच सांगितलं होतं.

मग ती कंट्रोलची बटणं शिदोरीत आली कधी?

तिनं जुने बदल उलटे चाळले. सौरभ घरात होता तोवर एकसुद्धा नाही. सगळीच्या सगळी तो गेल्यानंतरची. ज्या बदलांवर ती तीन वर्षं जगली, माहेरच्यांना दाखवत राहिली, ते सगळे कुठल्यातरी शाबूत बोटांच्या माणसानं केले होते. आणि ती रोज स्वतःच्या करंगळीनं ती बटणं दाबत होती. एकदाही तिच्या मनात आलं नाही.

"आत्याबाई," ती म्हणाली, "ते सौरभ नव्हते. कधीच नव्हते."

वनिताआत्यांनी तिला जवळ घेतलं. थोड्या वेळानं हळूच विचारलं, "मंग कोण व्हतं? किल्ली अजून कुणाकडं हाय?"

यशोधराला उत्तर माहीत होतं. दुपारी विचारलं तेव्हाच ते नाव सांगायला हवं होतं, पण त्या माणसावर संशय घ्यावा असं तिला कधी वाटलंच नव्हतं.

४

मांजरसुंब्याला हायवेला लागून सतीशच्या चुलतभावाचा ढाबा होता आणि सतीश त्याच्याच माडीवर बसून पुण्या-मुंबईची प्रोग्रॅमची कामं करायचा. सौरभचा शाळेपासूनचा दोस्त. दोघांचे आईबाप ऊसतोडीला एकाच टोळीत जायचे. दुसऱ्या दिवशी दोघी जिना चढून वर आल्या तेव्हा तो उठून उभा राहिला.

"जयभीम, वैनी. आत्या, तुमीबी? बसा, च्या सांगतो."

"च्या नगं. डावा हात टेबलावर ठिव," वनिताआत्या म्हणाल्या.

सतीशला काही कळेना, पण आत्यांपुढं तो लहानपणापासून असाच वागत आला होता. त्यानं हात ठेवला. पाची बोटं शाबूत.

"आता कंट्रोल दाब."

त्याची करंगळी आपसूक कोपऱ्याकडं गेली आणि अर्ध्या वाटेत थांबली. तो यशोधराकडं बघायला लागला. मग खुर्चीत बसला.

"कळलं तुमाला," तो म्हणाला.

"किती दिवस फसवलंस, सतीश?"

"फसवायचं नव्हतं, वैनी. शप्पत. सौरभ गेल्यावर एडिटरची नवी आवृत्ती आली अन् शिदोरी बंद पडली. लोकांच्या तक्रारी लागल्या यायला. सौरभनं मागं कधीतरी माझ्या मशीनला परवानगी देऊन ठेवलती, त्याच्याच खात्याची. मी दुरुस्त केलं, बटणं माझ्या सवयीनं कंट्रोलवर लावली. ते त्याच्या नावावर जातंय, हे माझ्या डोक्यातच आलं न्हाई. अन् दुसऱ्या दिवशी तुमचा फोन आला."

यशोधराला तो फोन आठवला. ती रडत होती, हसत होती. सतीश, तो आहे रे, त्यानं काम केलंय, बघ ना.

"तुमी इतक्या दिसांनी जेवला म्हणून सांगितलं सौरभच्या आईनी," सतीश म्हणाला. "काय बोलू मी तवा? म्हणलं, पुढच्या वेळी सांगू. मंग पुढची वेळ आली की परत वाटायचं, आता नगं. अन् खरं सांगू का, मलाबी ते बरं वाटायला लागलं. त्याचं नाव दिसायचं तिथं. दोस्त हाय असं वाटायचं."

यशोधराला त्याला काहीबाही बोलायचं होतं. बसमध्ये तिनं ते मनात घोळवलंही होतं. पण समोर हा बाप्या डोळे पुसत बसलेला, आणि त्यानं तिला जे दिलं ते खोटं असलं तरी त्यावरच ती इतके दिवस उभी होती.

वनिताआत्या मात्र गप्प बसणाऱ्यातल्या नव्हत्या. "अन् परवा भ्यालास व्हय? उघडं पडू म्हणून समदं पुसून जुन्यावाणी केलंस?"

"परवा?" सतीशनं मान वर केली. "परवा काय झालं?"

५

त्यानं शिदोरीची मूळ प्रत उघडली आणि तो बदल बघितला. हे मी केलं नाही, हे तो इतक्या वेळा म्हणाला की शेवटी आत्यांनीच त्याला थांबवलं.

"थांब. खोटं बोलत असशील तर आता सापडशील. पोरी, तूच बग. तुला कळतं त्यातलं."

यशोधरानं खुर्ची पुढं ओढली. बदल करणाऱ्यानं काय केलं याची एक ओळ सोबत लिहायची रीत असते. सतीशच्या सगळ्या ओळी इंग्रजीत, कोरड्या, दुरुस्ती केली एवढंच सांगणाऱ्या. परवाच्या बदलावर ओळच नव्हती. रिकामी जागा चालत नाही म्हणून टाकलेलं नुसतं एक टिंब. काम करून काहीच बोलायचं नसलेल्या माणसाचं.

"सतीश, एखादा नव्या मशीनवर शिदोरी टाकतो, तेव्हा त्याला कुठली मिळते?"

"ताजी. माझ्या बदलासकट."

"आणि जुन्या मशीनवर?"

"त्याचं जुनं मशीन तर पेटीत पडलंय ना, वैनी."

दोघं एकमेकांकडं बघत राहिले. वनिताआत्यांना समजावून सांगावं लागलं. समजा, एक माणूस तीन वर्षं कीबोर्डला शिवलाच नाही. मग परवा कुठंतरी, कुणाच्यातरी मशीनपुढं बसला. हात गप्प बसेनात म्हणून एडिटर उघडला, आपलीच शिदोरी उतरवून घेतली. आणि काम करायला जातो तर काय, ज्या बटणापायी ही शिदोरी बांधली तेच बटण जागोजाग. चिडला. मोडलं काहीच नाही, सतीशची कामं त्याला आवडलीसुद्धा असतील, फक्त एकेक करून सगळी अंगठ्याखाली आणून ठेवली.

"एवढे कष्ट दुसरं कोण घेईल?" यशोधरा म्हणाली.

"किंवा सतीश," वनिताआत्या शांतपणे म्हणाल्या. "त्यालाबी हे समदं ठाऊक हाय. वाईट वाटून घिऊ नगं, सतीश. पण पुरावा लागतो."

मग त्या पुढं म्हणाल्या, "ही शिदोरी ज्या कंपनीकडं ठेवलीय तिच्याकडनं पत्ता काढता यील. मी ठाण्यात शब्द टाकते. गाडी जाईल, घिऊन यील त्याला."

यशोधराला तो हवा होता. रोज, प्रत्येक घासाला हवा होता. तो आत्ता कुठंतरी आहे, बसतोय, बोटं चालवतोय, आणि तरी येत नाही, याचा तिला भयंकर राग आला होता. पण पोलिसांच्या गाडीतून उतरणारा, खाली मान घातलेला सौरभ तिला नको होता. त्या घरातून तो मान खाली घालूनच गेला होता.

"पुरावा मी काढते," ती म्हणाली. "सतीश, शिदोरीत माझं नाव घाल. माझ्या स्वतःच्या नावानं बदल करता आला पाहिजे. आणि मग माझ्यासमोर तुझी परवानगी काढून टाक."

सतीशनं तसंच केलं. परवानगी काढताना त्याचं बोट क्षणभर बटणावर रेंगाळलं, मग त्यानं दाबलं. आता त्या खात्यात शिरेल असा जगात एकच माणूस उरला होता, असलाच तर.

यशोधरानं एक नवा शॉर्टकट घातला. काम साधंच, फाईल जतन करायचं. पण त्याला बटणं लावली कंट्रोल, शिफ्ट आणि ए. तिन्ही डाव्या काठाला, करंगळी नसलेल्या माणसाला दाबताच येऊ नयेत अशी. खाली ओळीत तिनं लिहिलं: ही सगळ्यात सोयीची वाट आहे. यशोधरा.

"हे कशाला?" आत्यांनी विचारलं.

"बोलवून ते येणार न्हाईत," यशोधरा म्हणाली. "पण शिदोरीत कुणी चुकीचं घातलं अन् वर सोयीचं म्हणालं, तर त्यांच्यानं ऱ्हावणार न्हाई."

६

पोरांनी स्पेसबारची वाट एका दिवसात उचलली आणि परीक्षा पार पडली. करिष्माचं सिलेक्शन झालं. मोहनरावांनी पेढे वाटले आणि शिदोरी काढायची गोष्ट आपणच कधी बोललो नव्हतो अशा थाटात फिरू लागले. लॅपटॉपबद्दल वनिताआत्यांनी त्यांना चार माणसांत एक प्रश्न विचारला, तेव्हा ते लगबगीनं दुसऱ्या कामाला गेले.

शिदोरीत मात्र काही हललं नाही. सकाळी उठून यशोधरा बघायची, क्लासमधून आल्यावर बघायची, स्वयंपाक चुलीवर टाकून बघायची. तिची तीन बटणं जशीच्या तशी. एक आठवडा गेला, दुसरा गेला. सतीशचा फोन यायचा, दोघं "न्हाई" म्हणून ठेवून द्यायचे. आता तिला वाटायला लागलं की आपण पुन्हा तेच केलं, एका टिंबावर आख्खा माणूस उभा केला. आधी निदान खोटा का होईना, तो होता. आता तोही हातचा घालवला. तिला त्या जुन्या, सतीशच्या सौरभचीसुद्धा आठवण यायची, आणि त्याची लाज वाटायची.

दगडाबाईला तिनं सगळं सांगितलं होतं. म्हातारीनं पेटीतला तो फुगलेला लॅपटॉप काढून भिंतीतल्या कोनाड्यात ठेवला, आणि यशोधरा मशीन उघडायची तेव्हा काम सोडून शेजारी येऊन बसायला लागली.

रविवारी दुपारी दोघी अशाच बसल्या होत्या. यशोधरानं मूळ प्रत उघडली.

तिची तीन बटणं गेली होती. जतन करायचं काम स्पेसबारवर आलं होतं. नाव सौरभचं. आणि खाली, टिंबाच्या जागी, मराठीत एक ओळ.

"मला करंगळी न्हाई. इसरली का?"

यशोधरानं ती पुन्हा पुन्हा वाचली. त्याचा तो चिडका आवाज तिला कानात ऐकू आला, जेवताना मीठ कमी पडलं की निघायचा तसा, आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. मी विसरले नाही, ती मनात म्हणत होती, एक दिवस विसरले नाही. समोरची अक्षरं तिला दिसेनाशी झाली.

"काय म्हणतोय?" दगडाबाईनं विचारलं. तिला वाचता येत नव्हतं, पण सुनेचा चेहरा येत होता.

"चिडलेत, आई. माझ्यावर चिडलेत."

दगडाबाईनं पदरानं डोळे टिपले.

"मंग बरा हाय त्यो," ती म्हणाली. "आता माझं लिव. म्हणावं, माझ्यावरबी चीड. पण हितं येऊन."